बाबांचा शांतिपट्टा

आमच्या शीतल अपार्टमेंटच्या जिन्यात हल्ली पाण्यावरून जी चर्चा चालते तिच्यात दर दोन वाक्यांनी माझं नाव येतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. पाऊस मी पाडत नाही. धरण मी बांधलेलं नाही. मुकुंदवाडी स्टेशनाच्या पुढे जिथे माझ्या लहानपणी ज्वारी होती तिथे आता टॉवर उभे राहिलेत, आणि त्या टॉवरांसकट सगळे जण एकाच टँकरवाल्याच्या तोंडाकडे बघत बसतात, हेही मी केलेलं नाही. मी फक्त माझ्या बाबांना शांत केलं. एवढ्या सुसंस्कृत कृत्यासाठी एका होतकरू मुलीला इतकी बोलणी खावी लागतील, असं कुणाला वाटलं असतं?

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. ते विमा कंपनीत अधिकारी आहेत आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन. चेअरमन निवडताना लोकांनी त्यांचा अनुभव पाहिला नाही, कायद्याचं ज्ञान पाहिलं नाही. आवाज पाहिला. बाबा शिवी कधीच देत नाहीत. त्यांचा राग व्याकरणशुद्ध असतो, आणि तीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. सुरुवात ‘अहो’नं होते, मग ‘अहो साहेब’ येतं, आणि एकदा ‘महाशय’ आलं की समजायचं, आता भिंतीला टेकून उभं राहा. एकदा दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून ते ‘महाशय’ला पोचले होते, तेव्हा दूधवाल्यानं दुसऱ्या दिवशी खवा आणून दिला होता.

तर आमच्या शाळेतले विज्ञानाचे पुंडलिक सर म्हणाले, “जिल्हा प्रदर्शनासाठी प्रकल्प आणा. ज्वालामुखी, पवनचक्की आणि ठिबक सिंचन सोडून काहीही.” सगळ्या वर्गाचे चेहरे पडले, कारण त्यापलीकडे विज्ञान आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मात्र हात वर केला. यावर्षी मी हात वर करायला लागले आहे. आधी करत नव्हते. आता खाली घेत नाही, असं आई म्हणते.

माझी कल्पना साधी होती. माणूस चिडायच्या आधी त्याच्या मेंदूत हालचाल सुरू होतेच. कपाळाला पट्टा लावायचा, पट्ट्यातले सेन्सर मेंदूच्या लहरी पकडतील, एआय ओळखेल की आता स्फोट होणार, आणि स्फोटाच्या आधीच कानामागे बारीक थरथर होऊन कानात शांत आवाज बोलू लागेल. पट्टा मी ऑनलाइन मागवला. त्यात माझी भाऊबीज, वाढदिवस आणि सायकलचं स्वप्न, तिन्ही गेलं. कोडिंग मी स्वतः केलं. म्हणजे एआयनं केलं आणि मी त्याला धाक दाखवला. राग म्हणजे काय हे त्याला शिकवायला मी बाबांचे जुने फोन चोरून रेकॉर्ड केले होते. इतका समृद्ध नमुना-साठा मोठमोठ्या प्रयोगशाळांकडेही नसेल.

पहिली अडचण शाळेच्या ऑफिसात आली. माणसावरचा प्रयोग आहे म्हटल्यावर तिथल्या क्लार्कबाईंनी संमतीचा कागद पुढे केला.

“पालकाची सही आण.”

“बाई, प्रयोग बाबांवरच आहे. तेच माझे पालक आहेत.”

“तुझ्या पालकाची नको. ज्याच्यावर प्रयोग, त्याच्या पालकाची सही लागते. इथं छापलंय बघ.”

“पण माझे बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत!”

“मग त्यांनी पालकांना विचारूनच करायला पाहिजे ना सगळं,” बाई म्हणाल्या आणि डबा उघडला. शेवटी ‘पालक’ या ओळीवर आईनं सही केली. इतक्या आनंदानं सही करताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

पट्टा घालून बाबा पहिल्या दिवशी जिन्यात उतरले तेव्हा समोरच्या सारजाबाई आजी दारातच तूर निवडत बसल्या होत्या. त्या देवगाव रंगारीच्या. मुलाकडे, म्हणजे इंद्रजीतकाकांकडे, राहायला आल्यापासून आमच्या मजल्याच्या बातम्या त्यांच्याच दारातून सुटतात.

“काय गं हिमाने, बापाच्या टाळक्याला काय बांधलंस? पोळ्याला बैलाच्या कपाळाला बांधत्यात तसलं?”

“आजी, यानं राग येत नाही.”

“व्हय? मंग आमच्या इंद्र्याला बी बांध. भाजीत मीठ कमी पडलं की लई उड्या मारतो.”

खालच्या मजल्यावरच्या भानुमती मावशी निवृत्त संगीत शिक्षिका आहेत. त्यांनी मशिनला नाक मुरडलं. म्हणाल्या, “रागाला स्वर लावावा, मधुसूदन. सा धरून ओरडलं तर रक्तदाब वाढत नाही.” तिसऱ्या एका काकांनी पट्ट्याला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला, म्हणजे मशिनला दृष्ट लागणार नाही. सल्ला द्यायला आमच्या इमारतीत दुष्काळ कधीच नव्हता.

पण पट्टा चालला! तिसऱ्या दिवशी कुणीतरी आमच्या जागेवर स्कूटर लावली होती. बाबांनी श्वास घेतला. माझ्या फोनवर लाल ठिपका आला आणि त्यांच्या कानात एआय बोललं. त्याचं मराठी थोडं पाठ्यपुस्तकी आहे. “महोदय, आपल्या मनात संतापाची लाट येत आहे. आपण एखाद्या शांत, तुडुंब जलाशयाची कल्पना करावी.”

“तुडुंब?” बाबा हवेतच म्हणाले. “जायकवाडीत किती टक्के उरलंय, वाचलंयस का?” पण थरथर सुरू झाली होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि स्वतःची स्कूटर निमूट उन्हात लावली. फोनवर आकडा आला: शांतता, ब्याण्णव टक्के.

पुंडलिक सरांनी तो आकडा पाहिला आणि त्यांना बसायला खुर्ची लागली. “हिमानी, हे जिल्ह्याला पहिलं येणार. राज्याला जाणार. फक्त एक कर. सोमवारी परीक्षक येतील, तोपर्यंत पट्टा काढायचा नाही. रेकॉर्ड सलग पाहिजे. एकदा काढला की अॅप रेकॉर्ड बंद करतं, मग ते परीक्षकांच्या उपयोगाचं नाही.”

हे मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “नाही काढणार. तुझा प्रकल्प आहे.” अंघोळ त्यांनी गळ्यापासून खालीच करायची ठरवली. तसंही पाणी गळ्याच्या वर जाण्याइतकं नव्हतंच.

आता त्या पाण्याकडे येते. आमच्या भागात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, आणि सणासारखाच क्वचित. मधल्या काळात टँकर. आमचा टँकरवाला सांडू. सांडूकडे टँकर कमी आणि इमारती फार, म्हणून त्याची आपली एक पद्धत आहे. जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याच्याकडे आधी पाठवायचा. यात त्याचं काही चुकतं असं त्याला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे बाबा होते ना!

टाकी तळाला गेल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. मी शेजारी बसून आकडा बघत होते. कानामागे थरथर झाली. बाबांचा आवाज मधासारखा झाला.

“सांडूभाऊ, नमस्कार. कसे आहात? सवडीनं एक टँकर पाठवता का?”

पलीकडून आवाज आला, “कोन बोलतंय?”

“मी मधुसूदन. शीतल अपार्टमेंट.”

“साहेब?” सांडूचा आवाज कापरा झाला. “घरी समदं ठीक हाय ना?”

“अगदी मजेत.”

“बरं, बरं. मंग पाठवतो की. सवडीनं.”

शांतता सत्त्याण्णव टक्के! मी आनंदानं उडी मारली. टँकर आला नाही. तो समोरच्या टॉवरमध्ये गेला. आमच्या गच्चीवरून त्याचं गळणारं पाणी स्पष्ट दिसत होतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी परत नम्रपणे फोन केला. टँकर परत टॉवरमध्ये गेला.

इकडे रविवारी इंद्रजीतकाका आणि तनुजाकाकूंच्या बाळाचं बोरन्हाण होतं. संक्रांतीनंतरचे दिवस. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. न्हाण म्हणतात, पण त्याला थेंबभर पाणी लागत नाही. पाणी गंगापूरहून जीप भरून येणाऱ्या पाहुण्यांना लागतं. चहाला, हातपाय धुवायला, आणि ज्याचं नाव कथेत घेत नाहीत त्या सगळ्याला.

तनुजाकाकू बाळाला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. तिचं पहिलंच कार्य, सासरचे सगळे येणार. “हिमानी, काढ गं तो पट्टा. फक्त एका फोनपुरता. माझे चुलत सासरे शहरातल्या सुनेच्या घरात पाणी नाही म्हणून वर्षभर ऐकवतील.”

“काकू, रेकॉर्ड तुटेल. सोमवारी प्रदर्शन आहे.” हे बोलून मी ताठ उभी राहिले. शास्त्रज्ञांना समाजाचा विरोध सहन करावाच लागतो.

मग शीतल अपार्टमेंटनं बाबांशिवाय ओरडायचं ठरवलं. आधी भानुमती मावशींनी फोन केला. त्या सा धरून ओरडल्या. सांडू म्हणाला, “मावशी, आवाज लई ग्वाड हाय, अजून एक म्हना.” मग इंद्रजीतकाका स्वतः त्याच्या ठिकाणावर गेले, बाह्या वर करून. बोलता बोलता गावाचं नाव निघालं, गावावरून आडनाव, आडनावावरून नातं, आणि सांडू निघाला त्यांच्या मामेभावाचा सासरा. सासऱ्यावर ओरडता येत नाही. काका त्याच्या पाया पडले आणि त्यालाच बोरन्हाणाचं आमंत्रण देऊन परत आले. एक बातमी मात्र आणली. सांडू त्यांना म्हणाला होता, “तुमच्याकडं पानी हाय की! चेअरमन साहेब कसे हासून बोलत व्हते. ज्याच्या टाकीत पानी नाय तो मानूस असा बोलतो व्हय?”

झालं. सगळी इमारत पेटली, आणि बाबांना पट्ट्यासकट चिडवायची मोहीम सुरू झाली. त्यांच्या जागेवर चक्क तीन स्कूटर लागल्या. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कुणीतरी पेनानं आणि चुकीचं सोडवून ठेवलं. सारजाबाई आजी तोंडावर म्हणाल्या, “चेअरमन, तुमच्यापरीस आमच्या गावचा पांडू कोतवाल बरा व्हता.” बाबा प्रत्येक वेळी डोळे मिटून तुडुंब जलाशय बघायचे, आणि डोळे उघडून तिळगूळ द्यायचे.

आजी मला जिन्यात अडवून म्हणाल्या, “बाप थंड पडला तुझा. अन् तू हसतीस.”

मी हसत नव्हते. कारण शुक्रवारी माझी गणिताची उत्तरपत्रिका मिळाली होती. मार्क इथे लिहिण्यासारखे नाहीत. सरांनी त्यांच्याभोवती काढलेला लाल गोळा मार्कांपेक्षा मोठा होता. मी ती बाबांपुढे ठेवली, आणि सवयीनं भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी पत्रिका पाहिली. कानामागे थरथर झाली. ते उठले, बेसिनपाशी गेले, बराच वेळ तिथे पाठमोरे उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, “छान. सही कुठे करू?”

छान! ‘अहो’ नाही, ‘अगं’ नाही, काही नाही! मी नापास झाले आणि माझ्या जन्मदात्यानं ‘छान’ म्हटलं. समोरच्या घरातल्या मुलीचा निकाल असता तरी ते थोडं जास्त बोलले असते. मी खोलीत जाऊन दार आपटलं. तेही कुणी विचारलं नाही. आकडा अठ्ठ्याण्णव.

रविवार उजाडला. जीप आली. तिच्यातून आले ते पाहुणे रस्त्याच्या धुळीनं इतके पांढरे झाले होते की कोण काका आणि कोण आजोबा कळत नव्हतं. पाइपलाइनसाठी गंगापूरपासून आमच्या गेटपर्यंत सगळा रस्ता खणून ठेवलाय. पाइप आहेत, पाणी यायचंय. “पाय धुवायला कुठंय?” चुलत सासरे म्हणाले. तनुजाकाकूनं माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. नुसतं पाहिलं आणि बाळाच्या गळ्यातला हलव्याचा हार सरळ केला. आईनं आमचं पिण्याचं पातेलं उचललं आणि चहाला नेऊन दिलं.

पार्किंगमध्ये लोक बाबांभोवती जमले होते. कुणीतरी पट्टा ओढून काढील अशी मला भीती वाटली. म्हणून मी जिन्यात बसून घाईघाईनं सगळं रेकॉर्ड सेव्ह करायला लागले. आणि घाईत बोट भलतीकडे लागून एक पान उघडलं, जे मी इतक्या दिवसांत कधी उघडलंच नव्हतं. कारण सरांना एकच मोठा आकडा हवा होता, आणि मलाही.

ते कपाळाच्या लहरींचं पान होतं. वर ठेवलेला मोठा आकडा एआयनं बाबांच्या आवाजावरून काढला होता. मी त्याला राग म्हणून फक्त ओरडणं शिकवलं होतं ना! गोड बोलतोय म्हणजे शांत आहे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. थोडक्यात, माझं अत्याधुनिक एआय आणि सांडू टँकरवाला एकाच शाळेत शिकले होते. खाली कपाळाच्या रेषा मात्र सातमाळ्याच्या डोंगरासारख्या उभ्या होत्या. स्कूटरच्या दिवशी डोंगर. सांडूच्या फोनला डोंगर. आणि शुक्रवारी संध्याकाळी, माझ्या गणिताच्या वेळी, रेषा पानाच्या बाहेरच गेली होती.

मी धावत खाली गेले. “बाबा! तुम्हाला राग येत होता?”

“येणारच ना गं,” बाबा हळूच म्हणाले. “ते यंत्र कानात जलाशय जलाशय करायला लागलं की उलट जास्तच यायचा.”

“मग ओरडला का नाहीत?”

“तुझा आकडा खाली आला असता.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “गणिताच्या वेळी तर मी बेसिनचा नळ गच्च धरून उभा होतो. सोमवार जाऊ दे, मग बोलू.”

म्हणजे इतके दिवस माझं मशीन काहीच करत नव्हतं. सगळं काम बाबा एकटे करत होते, माझ्यासाठी. मला आनंद झाला, अपमान झाला, आणि डोळ्यांत धूळ गेली, सगळं एकदम. समोर बाळ पाटावर बसायची वाट बघत होतं. मनात पुंडलिक सर, जिल्हा, राज्य, वर्तमानपत्रातला माझा फोटो हे सगळं एकदा रांगेत उभं राहिलं. फोटोत मी खरंच छान दिसत होते.

मी टाचा उंच करून बाबांच्या कपाळावरचा पट्टा सोडवला. फोन बीप वाजला. रेकॉर्ड बंद.

नेमक्या त्याच वेळी गेटमधून सांडू आत आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात बाळासाठी खेळण्यातला ट्रक. टँकर नाही, माणूस एकटाच, पाहुणा म्हणून.

बाबांनी त्याला पाहिलं. कपाळावर पट्ट्याचा वळ होता, तो लाल झाला. सगळे जण आपोआप भिंतीकडे सरकले.

“महाशय!”

मी पुढचं सगळं लिहू शकत नाही. एक तर ते फार लांब होतं, आणि दुसरं, त्यात सहा दिवसांचा साठा होता. त्यात टँकर होता, टॉवर होता, स्कूटरी होत्या, पेनानं सोडवलेलं शब्दकोडं होतं, तुडुंब जलाशय होता. पाहुण्यांनी धूळ झटकणं थांबवलं. भानुमती मावशी डोळे मिटून मान डोलवत होत्या. आणि सांडू? सांडूचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आजारी माणूस उठून बसला की नातेवाइकांचा उजळतो तसा.

“आता कसं!” तो म्हणाला आणि त्यानं खिशातून फोन काढला. “साहेब, हे आधी बोलायचं नाय व्हय? मला वाटलं तुमच्याकडं पानी आलंय. दोन रात्री मला झोप नाय, म्हनलं साहेबाला काय झालं.” मग फोनमध्ये, “ए, टॉवरकडचा वळीव. शीतलला. साहेब बरे झाले!”

टँकर आला तेव्हा बाळाच्या डोक्यावर पहिली बोरं पडत होती. चुलत सासऱ्यांनी पाय धुतले, मग तोंड धुतलं, मग कुणाला विचारायच्या आत जीपही धुवायला लागले. तनुजाकाकूनं माझ्या ओंजळीत इतके करवे ओतले की मला टाळ्या वाजवता येईनात. आणि त्या गडबडीत बाबा माझ्याकडे वळले. “आणि तू! गणितात...” पाहुण्यांसमोर, बाळासमोर, सांडूसमोर मी अर्धा तास बोलणी खाल्ली. सारजाबाई आजी मधूनच म्हणत होत्या, “बोला, बोला, राहू देऊ नका.”

सोमवारी मी तरीही प्रदर्शनाला गेले. तुटलेलं रेकॉर्ड टेबलावर ठेवलं आणि त्यामागे ताठ उभी राहिले. पुंडलिक सर लांबच्या खांबापाशी उभे राहून ठिबक सिंचनाच्या प्रकल्पाकडे बघत होते. परीक्षक आले, कुठल्याशा कॉलेजातले वयस्कर प्राध्यापक, फार मऊ बोलणारे.

“बाळ, हे रविवारी का बंद पडलं?”

मी सगळं खरं सांगितलं. लहरी, आकडा, सांडू, टँकर, सगळं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि गुणांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते चांगलं नव्हतं, मला उलटं वाचता येतं. मग ते खाली वाकले.

“आमच्या सोसायटीत सगळे प्राध्यापक आहेत,” ते पुटपुटले. “सगळे फार नम्र. टँकर येऊन तीन आठवडे झाले. वडिलांचा नंबर मिळेल का?”

मी दिला. ठिबक सिंचन पहिलं आलं.

संध्याकाळी बाबा न्यायला आले. मी स्कूटरवर मागे बसले आणि जालना रोडच्या ऐन गर्दीत त्यांना सांगितलं की मी त्यांचा नंबर एका अनोळखी सोसायटीला दिलाय, आणि त्यांचा फोन येईल. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

“न विचारता?” बाबा म्हणाले. “अगं, मी काय भाड्यानं द्यायची वस्तू आहे?” आणि तिथून त्यांनी जो आवाज चढवला, तो अर्ध्या चौकानं ऐकला असेल. मी दप्तर पोटाशी धरून मागे बसून होते. रिक्षावाल्यानं हॉर्न बंद केला, इंजिनही बंद केलं, आणि मान बाहेर काढून नीट ऐकायला लागला.